विठाला दाखवायचा मासा

भिकन दोंदे ह्यांनी उभ्या संसारात आपल्या बायकोला एकदाही नावानं हाक मारली नाही. भांडण होतं म्हणून नव्हे. त्यांच्या सिन्नरकडच्या गावात पुरुषमाणूस बायकोचं नाव तोंडात आणत नसे, एवढंच त्याचं कारण. ‘अगं ए’, ‘ऐकलं का’ आणि पोरगा झाल्यावर ‘संघर्षची आई’, ह्या तीन हाकांवर नाशिक रोडच्या कॉलनीत त्यांचं सगळं निभावलं. रेशनच्या दुकानात बायकोचं नाव विचारलं तरी गडी मागं वळून म्हणायचा, “सांग की तुझं.” दुकानदार खो खो हसायचा आणि विठाबाई पदर तोंडाला लावून स्वतःचं नाव स्वतः सांगायची.

एरवी ही गोष्ट चेष्टेवारी गेली असती. पण अंबडच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर भिकनना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग घराचा रस्ता. एकदा दूध आणायला म्हणून गेले ते चेहेडीला दारणेच्या पुलावर सापडले, अनवाणी, खाली पाण्याकडे बघत. बोलणंही आटत गेलं. दिवसाकाठी दोनचार शब्द, तेही ‘हं’ आणि ‘बरं’. मग डॉक्टर झाले, फोटो झाले, गोळ्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विठाबाईकडे बोट दाखवून विचारलं, “बाबा, ह्या कोण तुमच्या?”

भिकननी तिच्याकडे नीट बघितलं, हसले आणि म्हणाले, “ह्या? ह्या असतात की इथंच.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवून कागदावर काहीतरी खरडलं. झालं! विठाबाई खुर्चीतून उठलीच. “लिहिता काय मॅडम? त्या माणसानं लग्नापास्नं माझं नाव घेतलं नाय, ते आता तुमच्यापुढं घेणार हाय का? चेष्टेची खोड हाय त्यांना.” संघर्षनं तिला हाताला धरून बाहेर आणलं. रिक्षात ती सबंध वाटभर बडबडत होती, आणि ज्याला आतून धीर नसतो तोच असं बडबडतो.

संघर्ष काही वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तो अंबडला सुपरवायझर, त्याची बायको तेजल शाळेत शिक्षिका. घरात दिवसभर ही एकटी म्हातारी, गुडघे धरलेली. एका संध्याकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, “आई, आपल्यापासून रेल्वेलाईन किती लांब आहे? एक दिवस तिकडे गेले म्हणजे? मखमलाबादच्या पुढं एक संस्था आहे. अशाच माणसांना सांभाळतात. मी बघून आलोय, चांगली माणसं आहेत. मेची सुट्टी झाली की ठेवू.”

“ओळखीच्या माणसापास्नं तोडतो का रे त्यांना?”

“आई,” तो खाली बघत म्हणाला, “ओळख राहिलीय कुठं?”

“मला ओळखत्यात.”

“ते तू म्हणतेस. एकदा, फक्त एकदा मला तसं दिसू दे. परत संस्थेचं नाव काढलं तर विचार.”

विठाबाईनं तो शब्द पदरात गाठ मारल्यासारखा धरून ठेवला. आता हे दाखवायचं कसं? तिनं बराच विचार केला आणि तिला गळ आठवला.

भिकनना आयुष्यात एकच नाद होता. दारू नाही, पत्ते नाहीत. रविवार उजाडला की गळ, तंगूसाची दोरी आणि गांडुळांचा डबा घेऊन सायकलवर दारणाकाठी. बरोबर कंपनीतला वाल्मीक. संध्याकाळी रोहू, चिलापी, कधी मरळ घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, “ऐकलं का, तवा ठेव!” गळाला लावायची कणीक विठाबाई मळायची. हिंग घालून, घट्ट, वाटाण्याएवढे गोळे. लग्नानंतर सुरुवातीला तिला वाटायचं, आपणही जावं, काठावर बसावं, ह्या माणसाला पाण्यात काय दिसतं ते बघावं. तिनं दोनचारदा विचारलंही. “बाईमाणूस काठावर आलं की मासा लागत नाय,” म्हणून त्यांनी उडवून लावलं. मग तिनं विचारणं सोडलं. कणीक मळणं मात्र सोडलं नाही.

आणि एक गोष्ट ते नेहमी बोलायचे. एकदा समुद्रात गळ टाकायचाय. नदीचा मासा काय, ओळखीचा झाला. समुद्राचा मासा हाताला कसा लागतो ते बघायचंय. दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी राहून जायचं.

“समुद्रावर ने आम्हाला,” विठाबाई संघर्षला म्हणाली. “त्यांच्या हातात गळ दे. पाण्याशी बसले की माणूस ताळ्यावर येतोय का नाय ते बघ.”

दारणेवर न्यायला संघर्ष तयार नव्हता. तिथं काठ घसरडा, पाणवेलीनं नदी बुजलेली. समुद्राला मात्र तो हो म्हणाला. तेजलनं मोबाईलवर बोर्डीला किनाऱ्याजवळ राहायला एक घर शोधलं. खाली लिहिलं होतं, पाहुण्यांना किनाऱ्यावरून मासे धरायला शिकवतो, पहिल्यांदा येणाऱ्यांनाही. गाडी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत निघाली. घाटात भिकन खिडकीला नाक लावून बसले होते आणि विठाबाईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. डब्यात काय असेल? हिंग घातलेली कणीक. तिनं ती पहाटेच मळली होती.

घराचा मालक आणि शिकवणारा मोतीराम हा साठीचा काळासावळा माणूस, हाफपँट घातलेला, तोंडाचा फटकळ. सुरूच्या झाडाखाली त्यानं डबा उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. “मावशी, पोळ्या लाटायच्यात का? ही नदी नाय. दोन लाटा लागल्या की ह्या कणकेची आंबील होणार. इथं कोलंबी लावायची.”

“हे कायम कणीकच लावत्यात,” विठाबाई म्हणाली.

“लावू द्या मग,” मोतीराम म्हणाला. “समुद्र शिकवील.”

आणि समुद्रानं शिकवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी चौघांचं असं काही हसं झालं की विचारू नका. संघर्षला वाटलं, जितकं लांब फेकू तितका मोठा मासा. त्यानं सगळं अंग पिळून गळ फेकला, गळ गेला आणि कणीक सुटून मागं तेजलच्या केसांत पडली. मग त्यानं बापासाठी प्लास्टिकची खुर्ची अगदी पाण्याच्या कडेला ठेवली, धरणावर ठेवतात तशी, शेजारी गळाची काठी रोवली. नाशिकच्या माणसाला पाणी जिथल्या तिथं राहणारं ठाऊक. भरतीचं पाणी चालत येतं हे त्याच्या डोक्यात कुठून येणार? बघता बघता खुर्चीचे पाय बुडाले, काठी आडवी झाली, तेजलची चप्पल गुजरातच्या दिशेनं निघाली. मोतीराम लांबून ओरडत होता, “वर या! वर या!”

हसून हसून तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. भिकन मात्र हसले नाहीत. ओल्या खुर्चीत पँट भिजवून तसेच बसून राहिले. हातात काठी दिली तर छत्री धरावी तशी धरली, आणि दोरी ढिली पडली तरी त्यांना पत्ता नव्हता. विठाबाई शेजारी उभी राहून सारखी विचारत होती, “बघा की, समुद्र. म्हणायचा ना तुम्ही? आलो ना आपण?” त्यांनी एकदा ‘हं’ केलं. संघर्षनं तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. त्या नजरेत सगळं होतं. विठाबाईला तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण सुनेच्या हौसेच्या सहलीवर पाणी कशाला ओतायचं, म्हणून ती वाळूतली काठी उचलायला वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागली तेव्हा मोतीराम कोलंबीची पिशवी घेऊन आला. त्यानं भिकनना खुर्चीवर न बसवता उभं केलं. कोरड्या वाळूत, पाण्यापासून बरंच वर. “बाबा, लाट फुटते ना, तिच्या थोडं पलीकडं वाळूत खळगा असतो. मासा तिथं खायला येतो, पार लांब नाय. दोरी ताणलेली ठेवा आणि हे बोट दोरीवर. लाटेचा झटका सारखा येतो. माशाचा झटका कळेल तुम्हाला. आणि शिंगाळी लागली तर हात लावू नका, तिचा काटा लय वाईट. मला हाक मारा.” त्यानं स्वतः गळ टाकून दिला, जड शिसं खळग्यात बसलं, आणि भिकनचं बोट दोरीवर ठेवून तो पुढं दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला. संघर्ष आणि तेजल सुरूच्या बनापाशी टपरीवर चहा आणायला गेले.

नवरा-बायको दोघंच राहिले. विठाबाई वाळूत बसली. तिच्या मनात आलं, लग्न झाल्यापासून हिथं बसायचं होतं आपल्याला. काठ दुसरा मिळाला, एवढंच.

बोट दोरीवर होतं. भिकन समोर बघत होते. काही वेळानं विठाबाईला त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली दिसली. ते अर्धं पाऊल पुढं सरकले. मग एकदम त्यांनी काठी वर खेचली आणि काठी वाकली की हो! मोतीरामचं लक्ष गेलं, तो तिकडून बोंबलला, “रीळ फिरवा बाबा, रीळ!” पण दोरी गुंडाळायचं ते रीळ कुणाला ठाऊक? दारणेवर रीळ होतं कुठं? भिकननी काठी वाळूत टाकली, दोरी दोन्ही हातांत घेतली आणि एका हातामागून दुसऱ्या हातानं ओढायला लागले. लाट मागं गेली की थांबायचे, लाट आत आली की तिच्याबरोबर ओढायचे. कुणी शिकवलं त्यांना हे? कुणी नाही. विठाबाई तोंडावर हात ठेवून उभी होती आणि तिला तो जुना सायकलवरचा माणूस जसाच्या तसा दिसत होता.

लाटेबरोबर मासा वाळूवर आला. हातभर, राखाडी, मिशावाला. शिंगाळीच. विठाबाई किंचाळली, “हात नका लावू!” पण भिकननी केव्हाच मिशांमागून, काट्यांच्या बगलेत बोटं घालून तिला उचललं होतं. नदीतला शिंगटा असाच धरतात, तो त्यांनी शेकड्यांनी धरला होता. मोतीराम धावत आला, बघितलं, आणि त्याचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. त्यानं पाण्याची बादली आणून ठेवली, मासा गळावरून सोडवून आत टाकला, “वा बाबा” म्हणाला आणि परत गेला.

भिकन बादलीशी उकिडवे बसले. चेहरा असा उजळलेला की विठाबाई आणखी जवळ सरकली. आत्ता, तिला वाटलं. आत्ता बोलतील.

आणि ते बोलले. “जमलं बघा,” ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी तोंडातून सरळ वाक्य निघालं होतं.

“जमलं की,” ती म्हणाली. “लय झ्याक जमलं.”

“जड हाय चांगली.” त्यांनी बादलीत बोट बुडवलं. “विठाला दाखवायचीय.”

विठाबाईच्या कानात समुद्र बंद झाला. विठा. त्यांच्या तोंडून. त्यांच्या आवाजात तिचं नाव कसं वाजतं हे तिला ह्या वयापर्यंत माहीत नव्हतं. तिला हसू फुटलं, डोळे भरले, ती त्यांच्या पुढ्यात वाळूत बसली आणि म्हणाली, “काय म्हणला? परत म्हणा.”

“विठाला दाखवायचीय. आमच्या मालकिणीला.” त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, अगदी अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं. “तुम्ही हिथल्याच का, बाई?”

वाळूत टेकलेला हात तिनं घट्ट मिटला.

“घरी असंल ती,” भिकन सांगत होते. इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलणं त्या सकाळी आलं होतं आणि थांबायला तयार नव्हतं. “कणीक मळत असंल. तुम्ही निरोप देताल का? सांगा, भिकननं समुद्रातली धरली. आधी विचारायची ती, मला बी न्या म्हणायची. मी नाय नेलं. वाल्मीक हसला असता. लोक हसले असते. मग तिनं विचारायचं सोडलं.” त्यांनी बोट पाण्यातून काढून पँटला पुसलं. “न्यायला पाहिजे होतं एकदा.”

“मग तिला सांगितलं का नाय हे?” विठाबाईनं विचारलं. आपल्याला हे विचारवलं कसं, हे तिला पुढंही कधी कळलं नाही.

भिकननी बादली जरा आपल्याकडे ओढून घेतली. “राहून गेलं,” ते म्हणाले. “चांगली हाय हो ती. येईल ना?”

“येईल,” विठाबाई म्हणाली. “वाटंतच असंल.”

संघर्ष चहाचे कप हातात घेऊन पळत आला. अर्धा चहा वाळूत सांडला होता. त्यानं बादलीत बघितलं, बापाकडे बघितलं, आईच्या तोंडाकडे बघितलं. “आई, बोलत होते ना? मी लांबून बघत होतो. किती बोलत होते! काय म्हणाले?”

आता इथं तिनं काय करायला हवं होतं, हे तुम्हीआम्ही घरी बसून ठरवू नये. तिच्यापुढं दोन वाटा होत्या, आणि एका वाटेच्या टोकाला मखमलाबादच्या पुढच्या त्या संस्थेचं फाटक होतं. विठाबाईनं डोळे पुसले.

“माझं नाव घेतलं,” ती म्हणाली.

“काय?”

“विठा म्हणले.”

ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. संघर्ष मटकन ओल्या वाळूत बसला आणि लहान मूल रडतं तसा रडायला लागला. “मी चुकलो, आई. मी फोन करून सांगतो त्यांना, नाही आणणार म्हणून. घरीच राहतील बाबा.” तेजलनं सासूला मिठी मारली. विठाबाई हुंदके देत होती, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं. संघर्षनं बापाचे दोन्ही हात धरले. “बाबा, आईचं नाव घेतलंत तुम्ही!” भिकन त्याच्याकडे बघून हसले. ते हल्ली सगळ्यांकडे बघून तसेच हसत.

जिंकली होती ती. मागितलं ते सगळं मिळालं होतं. नवरा घरात राहणार होता, तिच्या हातचं खाणार होता, आणि तिला ह्या जगात एकही माणूस असा उरला नव्हता ज्याच्यापाशी जाऊन खरं सांगावं. ज्याला सांगायची सवय होती तो बादलीशी बसून दुसरीचीच वाट बघत होता.

दिवेलागणीलाच जेवणं झाली. मोतीरामच्या घरी कालवण शिजलं, लाल, चिंच घातलेलं. भिकननी स्वतःच्या ताटातला पोटाजवळचा मोठा तुकडा उचलला आणि वाटीत बाजूला काढून ठेवला.

“बाबा, खा की. कुणाला ठेवलात?” तेजलनं विचारलं.

ते दाराकडे बघायला लागले.

“काटे टोचत्यात त्यांना,” विठाबाई घाईनं म्हणाली. “राहू दे.”

सगळे अंगणात गेल्यावर भिकन ती वाटी दोन्ही हातांत धरून तिच्याजवळ आले. सांडू नये म्हणून फार जपून चालत होते. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “एवढं झाकून ठेवता का? तिला उशीर व्हायलाय.”

तिनं वाटी घेतली आणि वर ताटली ठेवली. त्यांना खोलीत नेलं, पांघरूण घातलं. ते लगेच झोपले. दिवसभर समुद्रानं दमवलं होतं.

मग विठाबाई स्वयंपाकघरात आली, ताटली काढली आणि उभ्याउभ्याच तो गार झालेला तुकडा खाल्ला. काटे नीट काढून, सावकाश, सगळा. पाण्याचा घोट घेत घेत उतरवला. सकाळी उठल्यावर ते विचारणार होते, ती आली होती का, जेवली का. तेव्हा तिला हो म्हणायचं होतं.